गणिताचा तास आणि घरातला एक फोन

भाजी निवडत असाल, कंपनीतून नुकत्याच आला असाल, तर हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका. आजचा विषय आहे सहावी, सातवी, आठवीचं गणित, आणि ते शिकवायला आलेली नवी साधनं: वर्गातला पडदा, टॅब, मोबाइल, पुस्तकावरचा तो काळा-पांढरा चौकोन. मोरिवलीतल्या अनेक घरांत एकच स्मार्टफोन असतो. तो सकाळी कुणाबरोबर तरी एमआयडीसीत जातो आणि रात्री आठला परत येतो. शाळेतून मात्र निरोप येतो, "व्हिडिओ पाहून या, लिंकवर सराव करा." अशा वेळी आईनं काय करायचं, ते बघू.

नेमकं सहावी ते आठवीच का? पाचवीपर्यंतचं गणित हाताला धरून चालतं. चिंचोके मोजता येतात, नोटा मोजता येतात. सहावीत ऋण संख्या येतात, शून्याच्याही खालच्या. मग बीजगणितातली अक्षरं येतात. अपूर्णांकाला अपूर्णांकानं भागायचं असतं, गुणोत्तर असतं, शेकडेवारी असते. डोळ्यांसमोर वस्तू उरत नाही. इथे ज्या मुलीचा हात सुटतो ती वर्गात गप्प बसायला शिकते. वहीत सगळं असतं, फळ्यावरून उतरवलेलं. आपण वही चाळतो आणि समाधान मानतो.

त्यात आता परीक्षेचा नियम बदलला आहे. शिक्षण हक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत मुलांना त्याच वर्गात ठेवत नसत. महाराष्ट्रात डिसेंबर २०२३ मध्ये नियम बदलला. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालं तर पुन्हा एक संधी मिळते, आणि तीही गेली तर त्याच वर्गात राहावं लागतं. मुलगा मागे राहिला तर घरी ओरडा बसतो. मुलगी मागे राहिली तर घरात वेगळीच बोलणी सुरू होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तंत्रज्ञानाचं म्हणाल तर आपला ठाणे जिल्हा यात मागे नव्हता. कल्याणहून रेल्वेचा एक फाटा आपल्याकडे कर्जतला येतो, दुसरा कसाऱ्याकडे जातो. त्या दुसऱ्या बाजूला शहापूर तालुक्यात पष्टेपाडा नावाची आदिवासी वस्ती आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी विजेचा भरवसा नसताना सौर ऊर्जेवर संगणक चालवले आणि कमी खर्चात हाताच्या स्पर्शानं चालणारा पडदा उभा केला. पाड्यावरची मुलं बोटानं पडदा हलवताना पाहायला लांबलांबचे शिक्षक तिथे जाऊन आले. पुढे राज्यात डिजिटल शाळांची लाट आली, त्यात या पाड्याचं नाव वारंवार घेतलं गेलं.

दुसरं नाव सोलापूर जिल्ह्यातलं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापायचा, फोनचा कॅमेरा त्यावर धरला की त्या धड्याचा व्हिडिओ किंवा सराव उघडायचा, ही युक्ती त्यांनी आपल्या शाळेत करून दाखवली. मग ती बालभारतीच्या पुस्तकांत आली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. किराणा दुकानात पैसे देताना आपण जो चौकोन स्कॅन करतो, त्याच जातीचा चौकोन मुलीच्या गणिताच्या पुस्तकात आहे. आज रात्री पुस्तक उघडून शोधा. तो उघडायला 'दीक्षा' नावाचं सरकारी मोफत ॲप लागतं. नेट असताना धडा उतरवून ठेवला तर नंतर नेट नसतानाही बघता येतो, म्हणून रोज रिचार्जची चिंता नाही.

आता व्हिडिओ बघून गणित येतं का? माझं स्पष्ट मत आहे की नुसतं बघून येत नाही. पुरणपोळीचे व्हिडिओ आपणही बघतो. पुरण सैल झालं की काय करायचं, ते हात घातल्यावरच कळतं. टाळेबंदीत शाळा बंद होत्या तेव्हा २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' मालिका सुरू झाली, नागपूर आकाशवाणीवर 'शाळेबाहेरची शाळा' झाली. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्यापर्यंत ती पोचली आणि त्या काळात त्यांनी मोठा आधार दिला. त्यांत मुलांनी घरात करून पाहायचं काम असायचं, नुसतं ऐकायचं नव्हे. हा फरक लक्षात ठेवा.

पडद्याचा खरा उपयोग कुठे होतो? जिथे फळ्यावरचं चित्र हलत नाही आणि गणित हलल्याशिवाय कळत नाही, तिथे. एक उदाहरण देते, रेडिओवरच करून बघू. एक सुतळी घ्या, वीस वीत लांबीची, आणि तिची दोन टोकं बांधा. दोघींनी मिळून तिचा चौकोन करा, चारही बाजू पाच-पाच वीत. आत किती जागा झाली? पाच गुणिले पाच, पंचवीस चौरस वीत. आता तीच सुतळी ओढून लांबट करा, आठ वीत लांब आणि दोन वीत रुंद. सुतळी तेवढीच आहे आणि जागा झाली सोळा. अजून ओढा, नऊ आणि एक, जागा उरली नऊ. परसबागेला कुंपण घालणाऱ्या बाईला यातून लगेच कळेल की तारेचा खर्च तोच, पण वाफ्याचा आकार बदलला की भाजीची जागा निम्म्याहून कमी होऊ शकते. पुस्तकात याला परिमिती आणि क्षेत्रफळ म्हणतात. मुलं दोन्ही सूत्रं पाठ करतात आणि परीक्षेत एकाच्या जागी दुसरं लिहून येतात.

हेच काम करणारं जिओजेब्रा नावाचं एक मोफत साधन आहे. ऑस्ट्रियातल्या मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ते सुरू केलं. त्यात त्रिकोण काढायचा आणि त्याचं एक टोक बोटानं ओढायचं. त्रिकोण लांब होतो, बसका होतो, कोनांचे आकडे भराभर बदलतात. तिन्ही कोनांची बेरीज मात्र १८० अंशांवरून हलत नाही. मूल टोक वेडंवाकडं ओढून ती बेरीज मोडायचा प्रयत्न करतं आणि ती मोडत नाही. फळ्यावर एकच त्रिकोण असतो. इथे पाच मिनिटांत शंभर होतात. शंभर त्रिकोण बघितले म्हणजे सिद्ध झालं असं नाही, पण "असं का होतं?" हा प्रश्न मुलाच्या तोंडून येतो. तो प्रश्न आला की शिक्षकांचं खरं काम सुरू होतं. पडदा नसेल तर कागदाचा त्रिकोण कापा, त्याचे तीन कोपरे फाडा आणि टोकाला टोक लावून ठेवा. सरळ रेघ तयार होते. त्याला वीज लागत नाही.

दुसरा उपयोग सरावाचा आहे, आणि तो मला पडद्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या संगणकीय सरावाचा एक नीट अभ्यास झाला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेनंतरच्या केंद्रात मुलं यायची. दीड तासाच्या वेळात अर्धा वेळ संगणकावर सराव आणि अर्धा वेळ छोट्या गटाला शिकवणाऱ्या माणसाबरोबर. या मुलांची सुरुवातीला चाचणी घेतली तेव्हा दिसलं की सहावीतलं मूल गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे आहे. म्हणजे सहावीच्या बाकावर बसलेलं मूल प्रत्यक्षात तिसरी-चौथीचं गणित करू शकतं. शिक्षक बिचारे सहावीचं पुस्तक पुढे रेटतात, कारण अभ्यासक्रम संपवायचा असतो. संगणकानं प्रत्येकाला त्याच्या पायरीवरचा प्रश्न दिला. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितातली वाढ, ज्यांना ही सोय मिळाली नव्हती त्यांच्या दुपटीहून जास्त झाली. चित्रं रंगीत होती म्हणून हे झालं नाही. मूल जिथे होतं तिथून त्याला हात दिला म्हणून झालं.

याच्या उलटही घडलं आहे. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशानं लाखो मुलांना स्वस्त लॅपटॉप वाटले. नंतर तपासलं तर गणिताच्या गुणांत फरक पडलेला दिसला नाही. यंत्र मिळालं, पण त्यावर काय करायचं आणि चुकल्यावर कोण विचारणार, हे ठरलेलंच नव्हतं.

चुकीवरून आठवलं. तुमच्या सातवीतल्या मुलीला विचारा, ०.५ मोठे की ०.२५? बरीच मुलं ०.२५ मोठे म्हणतात, कारण पंचवीस पाचापेक्षा मोठे. चांगलं सॉफ्टवेअर ही चूक ओळखतं आणि त्याच मुद्द्यावरचे पुढचे प्रश्न देतं. साधं ॲप नुसती लाल फुली दाखवतं. फुली बघून मूल दुसरा पर्याय दाबतं, हिरवी खूण येते, आणि आपल्याला वाटतं की शिकलं. या ठिकाणी तुमचं ज्ञान कामाला येतं, ताई. भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ०.२५० दिसलं की तुम्ही "पाव किलो" म्हणता आणि ०.५०० दिसलं की "अर्धा". मुलीला काट्यासमोर उभं करा आणि विचारा, पाव जास्त की अर्धा? आपल्या आज्यांच्या पिढीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ असायचे. सव्वा, दीड, पाऊण हे शब्द आपल्या तोंडात अजून आहेत, पण पुस्तकातला अपूर्णांक आणि आपला पाऊण हे एकच, हे मुलांना कुणी सांगत नाही.

ऋण संख्यांचंही तसंच. अंबरनाथ-बदलापूरला एवढे टॉवर उभे राहिलेत, त्यातल्या लिफ्टमध्ये तळघरातल्या पार्किंगला उणे एक असं बटण दिसतं. तिथे घरकामाला जाणाऱ्या बाईला उणे एकावरून तिसऱ्या मजल्यावर जायला किती मजले चढायचे, हे न शिकवता कळतं. चार. पुस्तकात तेच गणित ३ वजा (−१) असं आलं की मूल दोन लिहितं.

आणि एक चूक अशी आहे जी कुठलंही ॲप सहज ओळखणार नाही. शिक्षक म्हणतात "सत्तेचाळीस", मूल टंकतं ७४. ऐकताना सात आधी आला ना! आपल्या भागात घरी आगरी बोलणारी, हिंदी बोलणारी, सिंधी बोलणारी अशी सगळी मुलं एका बाकावर बसतात. मराठी संख्यानावांची ही अडचण बालभारतीनं ओळखली होती. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशा वाचनाची पद्धत आली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. केवढी टीका झाली, विनोद झाले! मला विचाराल तर पद्धत आवडो न आवडो, त्यांनी बोट ठेवलं होतं ते बरोबर जागेवर. सातवीत पोचलेल्या मुलीचं उत्तर दर वेळी उलट येत असेल, तर तिला गणित येत नाही असं ठरवण्याआधी तिला आकडा ऐकवा आणि लिहायला सांगा.

आता फोन कुणाच्या हातात, या प्रश्नाकडे येते. 'असर' या पाहणीनं २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींची माहिती घेतली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायचं गणित शंभरातल्या सुमारे ४३ जणांनाच आलं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. हे आपल्या घरातलंच चित्र आहे. भाऊ फोनवर गेम खेळतो तेव्हा कुणी काही म्हणत नाही. बहिणीनं फोन घेतला की "कुणाशी बोलतेस?" सरावाचं सगळं साहित्य फोनवर गेलं आणि फोन मुलीला मिळाला नाही, तर तंत्रज्ञानानं तिला मदत केली नाही, उलट तिचा भाऊ आणि तिच्यातलं अंतर वाढवलं.

काळजी रास्त आहे, फोनवर नको त्या गोष्टीही येतात. त्यावर मला दिसणारा मार्ग असा आहे. गल्लीतल्या तीन-चार मुलींनी एका घरात, ओट्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एका फोनवर बसायचं. वेळ ठरलेली, आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास. धडा आधीच उतरवलेला, नेट बंद. प्रत्येकीच्या हातात वही. प्रश्न पडद्यावर आला की आधी सगळ्यांनी वहीत उत्तर लिहायचं, मग एकमेकींची उत्तरं बघायची, वेगळी आली तर भांडायचं, आणि शेवटी बटण दाबायचं. फोन पाळीपाळीनं हातात. एकटीनं स्क्रीनला चिकटून बसण्यापेक्षा हे भांडण जास्त शिकवतं, कारण "माझं का बरोबर?" हे मैत्रिणीला सांगावं लागतं. बचत गटाची बैठक ज्या घरी होते तिथेच हे करता येईल.

शाळेतल्या पडद्याचं काय? शाळा नगरपरिषदेची असो वा जिल्हा परिषदेची, तिथे शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. तुमच्यापैकी काहीजणी सदस्य असतील आणि फक्त सहीला जात असतील. पुढच्या बैठकीत विचारा की टीव्ही किंवा प्रोजेक्टर चालू आहे का, आठवड्यातून किती तास गणितासाठी वापरला जातो, वीजबिल कोण भरतं, बिघडला तर किती दिवसांत दुरुस्त होतो. आणि हेही विचारा की पडद्यासमोर बोट लावायला कोण उठतं? दर वेळी पुढच्या बाकावरचे तेच दोन मुलगे उठत असतील, तर हजेरीच्या क्रमानं बोलवा असं सुचवा. शिक्षकांना दोष द्यायला जाऊ नका. एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असतात आणि वर ऑनलाइन माहिती भरायचं काम असतं. मदत हवी का, असं विचारून सुरुवात केली तर दार उघडतं.

बऱ्याच जणी विचारतात, फोनवरचा कॅल्क्युलेटर मुलांना द्यावा का? द्यावा, पण आधी अंदाज सांगायला लावून. "४९ गुणिले २१ किती येईल?" "हजाराच्या आसपास." मग दाबा, १०२९. अंदाज न करता दाबलं आणि एखादं बटण चुकून १०,२९० आलं, तर मूल तेच लिहून मोकळं होतं.

आठवीतल्या मुलामुलींसाठी आणखी एक काम सांगते, ते आपल्याच उपयोगाचं आहे. फोनवर किंवा शाळेच्या संगणकावर एक्सेलसारखा तक्ता असतो. मुलीला सांगा, वीस हजारांचं कर्ज मांड. दहा महिन्यांत फेडायचं, दर महिना दोन हजार मुद्दल, व्याज महिना दोन टक्के. एक रकाना असा कर की व्याज दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर धरलं आहे. पहिल्या महिन्यात ४०० रुपये, दुसऱ्यात ३६०, तिसऱ्यात ३२०, असं उतरत शेवटच्या महिन्यात ४०. बेरीज २,२०० रुपये. शेजारचा रकाना असा, की व्याज दहाही महिने पूर्ण वीस हजारांवरच धरलं आहे. दर महिना ४००, बेरीज ४,०००. दर दोन्हीकडे दोन टक्केच, आणि फरक १,८०० रुपयांचा. मग रक्कम बदलून बघा, महिने बदलून बघा, तक्ता सगळे आकडे आपोआप बदलतो. सरळव्याज आणि आठवीतलं चक्रवाढ व्याज शिकलेल्या मुलीला हे सहज जमेल.

दाराशी कर्ज द्यायला कुणी आलं आणि "फक्त दोन टक्के" म्हणालं, तर विचारायचं: दोन टक्के कशावर, उरलेल्या मुद्दलावर की सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर? उत्तर मिळेपर्यंत अंगठा किंवा सही नको. आणि पुढच्या गटाच्या बैठकीला तो तक्ता केलेल्या मुलीलाच बोलवा. तिनंच तो सगळ्यांना वाचून दाखवू दे.